यमकातली चित्रपुस्तके: वाचायला मदत की नुसते पाठांतर?

राजारामपुरीची आई (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी यंदा मराठी माध्यमाच्या शाळेत पहिलीत आहे. तिला अक्षरओळख झाली आहे, काना-मात्रा-वेलांटी बऱ्यापैकी येते आणि दोन-तीन अक्षरांचे शब्द ती सावकाश जुळवून वाचते. घरात चित्रपुस्तके पुष्कळ आहेत. काहींत साध्या गोष्टी आहेत, काहींत प्राणी-पक्ष्यांची माहिती आहे आणि काही पूर्णपणे यमकात आहेत. तिच्यावर निवड सोपवली की तिचा हात दर वेळी यमकातल्या पुस्तकाकडेच जातो. तेच पुस्तक ती पुन्हा पुन्हा मागते, ओळ संपायच्या आत शेवटचा शब्द स्वतः म्हणून टाकते आणि तो बरोबर आला की तिचा चेहरा खुलतो.

अडचण पुढे आहे. ती ओळीखाली बोट ठेवून वाचते, पण बोट आणि आवाज यांचा मेळ बसत नाही. आवाज ओळ संपवून मोकळा होतो, तेव्हा बोट अजून दुसऱ्या-तिसऱ्या शब्दावर असते. याचा अर्थ ती वाचत नसून पाठ म्हणत आहे, हे मलाही कळते. पालकसभेत शाळेतल्या बाईंनी स्पष्टच सांगितले, की यमकाची पुस्तके काही दिवस बंद करा आणि साधे गद्य द्या, नाहीतर पाठांतराच्या सवयीमुळे तिचे खरे वाचन लांबेल.

माझ्या सासूबाईंचे मत नेमके उलट आहे. त्यांचे माहेर कागलकडचे. हादग्याची आणि फुगडीची गाणी, जात्यावरच्या ओव्या त्यांना आजही मुखोद्गत आहेत. लहानपणी त्यांना शाळा फारशी मिळाली नाही. मोठेपणी अक्षरे शिकल्यावर त्यांनी सर्वांत आधी वाचले ते आधीपासून तोंडपाठ असलेले अभंग, आणि "पाठ होते म्हणूनच वाचता आले" असे त्या ठामपणे सांगतात.

यमकाची गोडी ही केवळ करमणूक आहे, की वाचायला शिकण्यात तिचा खरोखर काही वाटा असतो? असलाच, तर कोणती पुस्तके निवडावीत आणि ती कशी वाचून घ्यावीत? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त शिक्षिका, करवीर तालुका

ताई, तुमच्या शाळेतल्या बाईंची काळजी निराधार नाही, पण त्यांनी सुचवलेला उपाय मला पटत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत अनेक वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग घेतले आहेत, त्या आधारावर लिहीत आहे.

नव्याने वाचणाऱ्या मुलाचे सगळे बळ एकेक अक्षर सोडवण्यात खर्ची पडते. अक्षर ओळखायचे, त्याची मात्रा पाहायची, पुढच्या अक्षराशी जोडायचे, असे करत ते वाक्याच्या शेवटी पोहोचते तोवर वाक्याची सुरुवात ध्यानातून गेलेली असते, आणि मग वाचून झालेल्या वाक्याचा अर्थ विचारला तर मूल गप्प राहते. यमकातल्या ओळीत हा भार ठेका उचलतो. ओळ आखूड असते, चार ठोक्यांत संपते, आणि पुढची ओळ कुठल्या आवाजावर थांबणार याची चाहूल मुलाला आधीच लागलेली असते. चाहूल लागणे आणि ती खरी ठरणे, हाच त्याचा मोठा आनंद. तुमच्या मुलीचा चेहरा खुलतो तो यामुळेच. ज्या वयात वाचताना पावलोपावली अडखळायला होते, त्या वयात "मला हे आधीच कळले होते" असे वाटण्याची संधी दुसरे कुठलेही लेखन इतक्या सहज देत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, पानावर रंकाळ्याचे चित्र आहे आणि खाली दोनच ओळी आहेत:

रंकाळ्यावर आली म्हैस,
डुंबत बसली ऐसपैस.

'ऐसपैस' हा शब्द पहिलीतल्या मुलाने कदाचित कधी ऐकलाही नसेल. चित्रात म्हैस पाण्यात अंग पसरून निवांत बसलेली दिसते, म्हणून अर्थाचा अंदाज येतो. 'म्हैस' नुकतेच वाचून झालेले असते, म्हणून शेवटचा आवाज कोणता असणार तेही कळते. उरलेले काम अक्षरांनी करायचे. आता डोळ्यांना काय दिसते ते पाहा. 'म्हैस'मध्ये 'ऐ' हा स्वर दोन मात्रांच्या रूपाने अक्षराच्या डोक्यावर बसला आहे, 'ऐस'मध्ये तोच स्वतंत्र अक्षर होऊन आला आहे आणि 'पैस'मध्ये पुन्हा त्याच्या मात्रा झाल्या आहेत. आपल्याकडे तीसहून अधिक व्यंजने आणि प्रत्येकाची बारा रूपे, म्हणजे बाराखडीचा तक्ता चारशेच्या घरात जातो. त्यातली 'ऐ'ची एक ओळ या दोन ओळींनी मुलाच्या कानात आणि डोळ्यांत एकदमच बसवली.

मराठीत हे विशेष चांगले साधते, कारण आपले यमक ऐकू येते तसेच बहुतेक वेळा दिसतेही. इंग्रजीतले 'ब्लू', 'शू' आणि 'थ्रू' हे शब्द कानाला एकाच आवाजात संपतात, पण कागदावर तिघांची शेपटे निरनिराळी असतात. आपले पाणी, राणी, गाणी, कहाणी हे शब्द ओळीने लिहिले तर शेवटचा 'णी' चारही ठिकाणी तोच दिसतो. त्यात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहावा हे मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या नियमांनी ठरवून दिलेले असल्यामुळे 'आणि', 'नि' असे मोजके अपवाद वगळता ओळीच्या शेवटी मुलाला ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ भेटतच नाही. कानाने जे सारखे म्हटले तेच डोळ्यांनी सारखे दाखवले, की मुलाचा लिपीवर विश्वास बसतो.

यावर अभ्यासही झालेला आहे. ऑक्सफर्डमधील लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली 'नेचर' या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. चार ते पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांपैकी ज्यांना सारख्या आवाजांचे शब्द चांगले ओळखता येत होते, ती मुले पुढे काही वर्षांनी वाचनात आणि शुद्धलेखनातही सरस ठरली होती. त्यांपैकी ६५ मुलांसाठी त्यांनी वेगळा प्रयोग केला. काहींना फक्त आवाजांच्या जोड्या लावायला शिकवले आणि काहींना त्याबरोबर प्लास्टिकची अक्षरे हाताळायला दिली. अक्षरांची जोड मिळालेल्या मुलांची प्रगती सर्वांत जास्त झाली. अभ्यास इंग्रजी वाचणाऱ्या मुलांचा आहे आणि आपली लिपी वेगळी आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा इकडे लावता येणार नाही. पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे असे मला वाटते. यमक कानात शिरले, की त्याला लगेच अक्षराची जोड द्यावी लागते. ती दिली नाही तर तुमच्या बाई म्हणतात तसे पाठांतर तेवढे उरते.

ही जोड घरी देणे अवघड नाही. तिला पाठ असलेल्या दोन ओळी तुम्ही कागदाच्या पट्टीवर ठळक अक्षरांत लिहा आणि कात्रीने एकेक शब्द सुटा करा. तुकडे विस्कटून तिला पुन्हा ओळ लावायला सांगा. ओळ पाठ असल्यामुळे कोणता शब्द हवा हे तिला माहीत असते. तो कोणत्या तुकड्यावर आहे हे मात्र वाचल्याशिवाय कळत नाही. बोट आणि आवाज यांचा मेळ इथे बसू लागतो, कारण शब्द कुठे संपतो हे तिच्या हाताला कळते. ते जमले, की एक शब्द गुपचूप बदला. 'रंकाळ्यावर'च्या जागी 'अंगणामध्ये' लिहून ठेवा. तिने सवयीने 'रंकाळ्यावर' म्हटले तर ती अजून पाठ म्हणत आहे, आणि थबकून तुमच्याकडे पाहिले तर ती वाचू लागली आहे. तुमच्या सासूबाईंनी अभंगांवर बोट फिरवत हेच केले असणार; त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भागातली आहे. कोल्हापूरकडच्या मुली बोलताना "मी आलो, मी गेलो" असेच म्हणतात. ती आपली बोली आहे आणि त्यात चूक काही नाही. पुस्तकातली मुलगी मात्र "मी आले" म्हणते. गद्य वाचताना आमच्या वर्गातल्या मुली "आले" लिहिलेले असले तरी सर्रास "आलो" वाचत आणि त्यांच्या ते लक्षातही येत नसे, कारण अर्थ कुठे अडत नव्हता. म्हणून मी फळ्यावर अशा ओळी लिहीत असे:

धावत धावत घरी आले,
आजी किसते चहात आले.

पहिली ओळ "आलो" अशी वाचली, की दुसऱ्या ओळीच्या शेवटी कान अडतो. चहात किसायचे ते आलेच असणार, त्यामुळे मुलगी आपणहून मागे जाते, पहिल्या ओळीवर पुन्हा बोट ठेवते आणि लिहिलेले नीट पाहते. मी काही सांगायच्या आधीच ती स्वतःचे वाचन तपासते. पहिलीच्या वर्गात याहून अधिक मोलाची सवय मला माहीत नाही.

कसबा बावड्यातला पालक

बाईंनी लिहिलेले सर्व वाचले आणि त्यातले बरेचसे मान्य आहे. तरीही दुसरी बाजू नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण आमच्या घरी तिचा त्रास झाला आहे.

आमचा मुलगा पहिलीच्या वर्षात कविता घडाघडा म्हणत असे. पान उघडून, ओळीकडे पाहत, योग्य जागी थांबत म्हणे, त्यामुळे घरातले आणि शाळेतले सगळेच समाधानी होते. दुसरीत गद्य धडे लांबले आणि गणितात शाब्दिक उदाहरणे आली, तेव्हा कळले, की अनोळखी वाक्य समोर आले की तो चित्राकडे आणि आमच्या तोंडाकडे पाहतो. यमकामुळे त्याला वाचता येत नाही ही गोष्ट जवळजवळ वर्षभर झाकली गेली. पट्ट्या कापून शब्द लावण्याची युक्ती तेव्हा कोणी सांगितली असती तर आमचे बरेच दिवस वाचले असते, पण अशी युक्ती बहुतेक पालकांना कोणी सांगत नाही, आणि ती न सांगता नुसते पुस्तक हातात दिले तर काय होते ते मी सांगत आहे.

दुसरे असे, की प्रत्येक मुलाला ठेक्याची ओढ नसते. आमच्या मुलाला वाचनाची गोडी लागली ती उसाच्या हंगामात. कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर आमच्या रस्त्याने जातात आणि प्रत्येक ट्रॉलीच्या मागच्या फळीवर नाव, गाव आणि देवाचे नाव रंगवलेले असते. ती अक्षरे मोठी, ठळक आणि दर वेळी नवी असत. ट्रॉली पुढे जाण्यापूर्वी वाचून व्हायला हवे, म्हणून तो जिवाचा आटापिटा करून वाचू लागला. नंतर त्याला यंत्रांची माहिती देणारी चित्रपुस्तके आणून दिली आणि तीच त्याने आवडीने वाचली. मुलीला यमक आवडते म्हणून ते जरूर द्यावे, पण त्याच्या जोडीला रोज काहीतरी अनोळखी आणि सरळ गद्यातले दोन-चार ओळींचे तिच्यासमोर यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बालकवितांचा अनुवादक, शाहूपुरी

वर दोघांनीही महत्त्वाचे लिहिले आहे. मी मुलांसाठी पद्य लिहितो आणि इतर भाषांतली चित्रपुस्तके मराठीत आणतो, म्हणून कोणते यमक उपयोगाचे आणि कोणते निरुपयोगी एवढ्यापुरतेच लिहितो. माझ्या मते वरच्या चर्चेत राहून गेलेला मुद्दा हाच आहे, कारण यमकातले पुस्तक वाईट असेल तर ते गद्याहूनही अवघड होऊन बसते.

मराठी वाक्याच्या शेवटी क्रियापद येते. त्यामुळे यमक जुळवणे आपल्याकडे फार सोपे आणि म्हणूनच फसवे आहे. आला-गेला, बसला-हसला, पळाली-मिळाली अशा जोड्या कोणालाही बसल्या जागी हव्या तेवढ्या करता येतात. पानामागून पान ओळीच्या शेवटी 'ला' आणि 'ली' येत राहिले, की मूल ठेका पकडते पण अंदाज बांधत नाही, कारण अंदाज बांधण्यासारखे काही उरलेलेच नसते. बाईंनी दिलेल्या ओळीत यमक म्हैस या नामावर आहे आणि ते नाम चित्रात ठसठशीत दिसते. ओळीच्या शेवटी ज्या शब्दाची वाट पाहावीशी वाटते, तो डोळ्यांसमोरही असतो. पुस्तक निवडताना आधी ओळींचे शेवट तेवढे वाचत जावे. त्यांत वस्तू, प्राणी, गावे, खाण्याचे पदार्थ पुष्कळ असतील तर ते पुस्तक बहुधा चांगले निघते.

दुसरी खूण भरतीच्या शब्दांची. 'पान' जुळवण्यासाठी 'छान' आणि 'गार' जुळवण्यासाठी 'फार' आणलेले दिसले, की लेखकाची दमछाक झाली हे ओळखावे. तिसरी खूण उलटलेल्या वाक्यांची. "खाई भाकरी तो आवडीने" असे कोणी बोलत नाही. मोठ्या माणसाला कवितेतला हा शब्दक्रम सवयीचा असतो, पण सहा वर्षांचे मूल पुढचा शब्द ओळखताना आपल्या बोलण्याचा आधार घेते, आणि ओळ बोलण्यासारखी नसेल तर तो आधार सुटतो. चांगले बालपद्य गद्याच्या शब्दक्रमात राहूनही ठेक्यात बसते. ते लिहिणे कठीण आहे, म्हणूनच ज्ञानपीठ मिळवणाऱ्या विंदा करंदीकरांसारख्या कवीने मुलांच्या कवितेसाठी आपली इतकी शक्ती लावली हे मला फार मोलाचे वाटते.

अनुवादाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण दुकानात हल्ली अनुवादित पुस्तके पुष्कळ दिसतात. इंग्रजीतले 'द कॅट इन द हॅट' हे डॉ. सूस यांचे १९५७ सालचे पुस्तक केवळ २३६ वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेले आहे आणि त्यातले बहुतेक शब्द एकाच उच्चारावयवाचे, म्हणजे एका दमात एकाच ठोक्यात उच्चारले जाणारे आहेत. नुकते वाचू लागलेल्या मुलांच्या हाती कंटाळवाण्या वाचनपाठांऐवजी काहीतरी जिवंत द्यावे, या हेतूने ते लिहिले गेले. इंग्रजीत शब्दाचे पहिले अक्षर बदलले की दुसरा शब्द तयार होतो आणि रूप तसेच राहते. मराठीत शब्दाला प्रत्यय लागला की त्याचे शेपूट बदलते. मांजर, मांजराने, मांजराला अशी रूपे होतात आणि 'मांजर'शी जुळवून ठेवलेला 'गाजर' पुढच्याच वाक्यात निकामी होतो. त्यामुळे असे पुस्तक ओळीला ओळ लावून मराठीत आणले, तर एक तर यमक ओढूनताणून येते, नाहीतर शब्द लांबलचक होतात आणि ठेका मोडतो. प्रसंग आणि चित्रे तीच ठेवून ओळी मराठीत नव्याने रचणारा अनुवाद तेवढा मुलांना द्यावा. खात्री करायची असेल तर दुकानातच दोन पाने मोठ्याने वाचून पाहावीत. जीभ जिथे अडखळते तिथे मूलही अडखळणार.

बाईंच्या एका विधानाला छोटी पुस्ती जोडतो. मराठी यमक बहुतेक वेळा दिसते हे खरे, पण च, ज, झ या अक्षरांचे आपल्याकडे दोन-दोन उच्चार आहेत. 'राजा' आणि 'ताजा' कागदावर तंतोतंत जुळतात, पण बोलताना दोन्हींतला 'ज' वेगळा असतो. मुलाचा कान तिखट असेल तर ते इथे शंका काढते. अशा वेळी "अक्षर एकच आहे, उच्चार दोन आहेत" असे सरळ सांगावे. मुलांना ते चटकन पटते.

गडहिंग्लजकर

सीमाभागातला अनुभव थोडक्यात लिहितो. आमच्या घरी कन्नड बोलली जाते आणि मुले मराठी शाळेत जातात. मराठीतले लिंग हा आमच्या मुलांचा सर्वांत मोठा अडथळा आहे. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी असतात, तर मराठीत खिडकी 'ती', दरवाजा 'तो' आणि घर 'ते', आणि त्याला नियम सांगता येत नाही. यमकातल्या पुस्तकांचा आम्हांला इथे मोठा उपयोग झाला. 'काळी पाटी', 'ओला पाला', 'पिवळी केळी' अशा जोड्यांत विशेषणाचा आणि नामाचा शेवट एकमेकांना जुळतो, आणि तो ठेक्यात कानात बसला, की मूल 'ओली पाला' म्हणत नाही, कारण ते कानाला खटकते. हे व्याकरण शिकवून झाले नसते. राजारामपुरीच्या ताईंच्या मुलीला ही अडचण नसेल, पण ज्यांच्या घरची भाषा वेगळी आहे त्यांनी ही पुस्तके मुळीच बंद करू नयेत.

राजारामपुरीची आई

सर्वांचे मनापासून आभार. बाईंनी सांगितल्याप्रमाणे पट्टी कापून पाहिली. तिने शेवटचा यमकाचा शब्द पटकन उचलला, पहिला शब्दही उचलला, पण मधल्या दोन शब्दांत तिचा गोंधळ उडाला आणि ते तिने अक्षर अक्षर लावून वाचले. म्हणजे ओळीची दोन टोके तिला पाठांतराने आणि यमकाने मिळतात आणि मधला भाग तिला खरोखर वाचावा लागतो, असे मला दिसले. बावड्याच्या दादांच्या सूचनेप्रमाणे रोज थोडे अनोळखी गद्यही सुरू करत आहे.

दोन शंका उरल्या आहेत. जोडाक्षर आले की ती पूर्ण थांबते, मग ते यमकात असो वा गद्यात. त्यासाठी यमकाचा उपयोग होतो का? आणि इतकी पुस्तके विकत घेणे परवडत नाही, तर कोल्हापुरात राहून ती कशी मिळवावीत?

मंगळवार पेठेतली वाचनालय कार्यकर्ती

ताई, मी लहान मुलांच्या वाचनवर्गात मदत करते, म्हणून या दोन शंकांना मी उत्तर देते.

जोडाक्षरांची सुरुवात द्वित्ताने करावी. पक्का, धक्का, चक्का; कट्टा, पट्टा, थट्टा; अड्डा, खड्डा, गड्डा. यांत तेच अक्षर स्वतःलाच जोडलेले असते, आघात कानाला स्पष्ट जाणवतो आणि हे सगळे शब्द मुलांच्या रोजच्या तोंडचे असतात. एकाच कुटुंबातले तीन शब्द एकाखाली एक लिहून द्यावेत आणि बदलणारे पहिले अक्षर वेगळ्या रंगात लिहावे. तिला 'कट्टा' वाचता आला, की 'पट्टा'साठी फक्त पहिले अक्षर नव्याने वाचायचे उरते, आणि अवघड वाटणारा 'ट्टा' आपोआप पुन्हा पुन्हा नजरेखालून जातो. रफाराचे आणि 'क्ष', 'ज्ञ' यांचे शब्द नंतर घ्यावेत, कारण तिथे मूळ अक्षर डोळ्यांना ओळखू येत नाही आणि ठेका तेवढी मदत करू शकत नाही. छपाईकडेही लक्ष द्यावे. काही पुस्तकांत 'ट्ट', 'क्क' एकाखाली एक छापलेले असतात आणि काहींत पाय मोडून शेजारी शेजारी; सुरुवातीला दोन्ही पद्धतींची पुस्तके एकदम देऊ नयेत. चित्राच्या गडद भागावर छापलेली अक्षरे, किंवा एका पानावर चारपेक्षा जास्त ओळी असलेली पुस्तके पहिलीसाठी टाळावीत.

पुस्तकांसाठी आधी आपले करवीर नगर वाचन मंदिर गाठावे. १८५० साली सुरू झालेली ही संस्था आहे. तिथे बालविभागाची चौकशी करावी आणि मुलीला सोबत न्यावे, म्हणजे निवड तिची राहील. विकत घ्यायची झाल्यास नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके कमी किमतीत मिळतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर २०१५ सालापासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तके मोफत वाचता येतात आणि छापूनही घेता येतात. तिथे वाचनाच्या पातळ्या दिलेल्या असतात; पहिल्या पातळीपासून सुरू करावे आणि शाहूपुरीच्या सरांनी सांगितलेल्या खुणा लावून पुस्तक निवडावे, कारण त्या संग्रहात अनुवाद बरेच आहेत. मोबाइलवर दाखवण्यापेक्षा पाने छापून शिवून दिलेली बरी. पडद्यावर बोट ठेवले की पान सरकते, आणि ओळीवर बोट ठेवणेच तर तिला सध्या शिकायचे आहे.

शाळेतल्या बाईंशी मात्र तुम्ही अवश्य बोला. पुढच्या पालकसभेला मुलीने पट्ट्यांवर लावलेल्या ओळी सोबत न्या आणि बाईंनाच एखादी नवी, तिने कधीही न ऐकलेली यमकाची जोडी पाटीवर लिहायला सांगा. ती जोडी मुलीने बाईंसमोर वाचली, तर पुस्तके बंद करण्याचा प्रश्नच उरणार नाही. अडखळली, तर नेमके कोणत्या अक्षराशी अडखळते ते तुम्हा दोघींनाही एकाच वेळी दिसेल आणि घरी काय करून घ्यायचे हे बाईच सांगतील.